केमिस्ट्रीची गणितं: ठाण्याला गाडी बदलल्याशिवाय डोंबिवली येत नाही

परवा आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी रफ पेपर घेऊन आली आणि म्हणाली, काकू माझं उत्तर ऑप्शनमध्ये आहे तरी चूक कसं काय? प्रश्न अगदी साधा होता, ४.९ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात विरघळवून ५०० एमएल सोल्युशन केलं तर मोलॅरिटी, म्हणजे एका लिटरमध्ये मोल, किती. हिने ४.९ ला ९८ ने, म्हणजे या ॲसिडच्या एका मोलच्या वजनाने, भागून ०.५ लिहिलं, मग त्याला अर्ध्या लिटरने भागून १ काढलं आणि पहिलाच ऑप्शन १ होता, टिक करून पुढे गेली. आता ४.९ भागिले ९८ म्हणजे ०.०५, एक विसांश, तिथून उत्तर येतं ०.१. केमिस्ट्री पूर्ण बरोबर, मार्क शून्य. आणि ऑप्शनमध्ये १ असणं हा काही योगायोग नाही, पेपर काढणाऱ्याला माहीत असतं मुलं कुठे घसरतात, तो तिथेच साल टाकून ठेवतो.

मी कुठली प्रोफेसर नाही हे आधीच सांगते. बीएस्सी करून रबाळेला एका केमिकल कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या, लॅबमध्ये नऊ वर्षं होते, रोज कोपरीहून ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बर, दिवसभर ब्युरेट आणि पिपेट. आता घरी असते आणि सोसायटीतली सीईटी, नीटवाली पोरं अडलं की येतात. त्यांच्याकडे क्लासने दिलेली फॉर्म्युल्यांची शीट असते, चाळीस-चाळीस फॉर्म्युले, आणि प्रश्न आला की पोरगं मनात शीट उलगडून यातला कुठला लावू हे शोधत बसतं. तेच मला पटत नाही. मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचा ठरलेला आकडा, समजला तर त्या शीटमधले चार-पाच सोडून बाकी सगळे फेकून द्यायच्या लायकीचे आहेत.

ठाणे स्टेशनचं उदाहरण मी सगळ्यांना देते. वाशीहून ट्रेनने डोंबिवलीला जायचंय, सरळ गाडी नाही, ठाण्याला उतरून बदलायला लागते. ऐरोलीहून मुलुंडला, तुर्भ्याहून कल्याणला, सगळ्यांना ठाण्यालाच उतरायचंय. केमिस्ट्रीत ते ठाणे म्हणजे मोल. ग्रॅममधून लिटरला जायचं असो, लिटरमधून अणूंच्या संख्येला, एका पदार्थाच्या ग्रॅममधून दुसऱ्याच्या ग्रॅमला, मध्ये मोलला उतरा, गाडी बदला, पुढे जा. मुलं चुकतात कुठे, तर ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारतात.

आधी परीक्षेबद्दल दोन शब्द

एमएचटी-सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री एकत्र ९० मिनिटं, प्रत्येकी ५० प्रश्न, एका प्रश्नाला एक मार्क, निगेटिव्ह नाही. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिटसुद्धा नाही. अभ्यासक्रमात अकरावी साधारण २० टक्के, बारावी ८०. नीटला केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, बरोबर आला तर ४, चुकला तर १ कापला. जेईई मेनला प्रत्येक विषयात २० ऑप्शनवाले आणि ५ असे की आकडा स्वतः टाइप करायचा, तिथे तर अंदाजपंचे चालतच नाही. कॅल्क्युलेटर तिन्हीकडे नाही. नियम बदलत असतात म्हणून त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक एकदा नीट वाचा, पण कॅल्क्युलेटर नाही यातून एक फायद्याची गोष्ट निघते, की आकडे बहुतेक वेळा कापले जातील असेच दिलेले असतात. भागाकार फारच वेडावाकडा व्हायला लागला तर थांबून बघा, बऱ्याचदा मोलर मास, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, चुकलेलं असतं.

पाठ करायचंच आहे असं

घोकंपट्टी मला आवडत नाही, पण अणुभार पाठ नसतील तर प्रत्येक गणितात दहा सेकंद जातात. हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, मॅग्नेशियम २४, ॲल्युमिनियम २७, फॉस्फरस ३१, सल्फर ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०, लोखंड ५६, तांबं ६३.५, चांदी १०८. एवढं बास.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे नेहमी येणाऱ्या संयुगांचं मोलर मास तयार ठेवायचं. पाणी १८, अमोनिया १७, कार्बन डायऑक्साइड ४४, कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड ४०, हायड्रोक्लोरिक ॲसिड ३६.५, मीठ ५८.५, युरिया ६०, सल्फ्युरिक ९८, चुनखडी १००, सोडियम कार्बोनेट १०६, पोटॅशियम परमँगनेट १५८, ग्लुकोज १८०. आणि एक खास, ऑक्झॅलिक ॲसिडचे क्रिस्टल १२६. नुसतं ऑक्झॅलिक ॲसिड ९० असतं, क्रिस्टलमध्ये पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात, त्यांचे ३६ मिळवून १२६.

या १२६ वर माझा राग आहे कारण त्याने मला सगळ्यांसमोर तोंडावर पाडलंय. नोकरीला लागून तीन महिने झाले होते, ०.०५ मोलर ऑक्झॅलिकचं एक लिटर स्टँडर्ड करायचं होतं, ६.३ ग्रॅम वजन करायला हवं होतं आणि मी ९० धरून ४.५ ग्रॅम घातलं. त्या सोल्युशनने कॉस्टिकचं स्टँडर्डायझेशन केलं, म्हणजे त्याची नेमकी ताकद काढली, कॉस्टिक खरं ०.१ नॉर्मल (कॉस्टिकला नॉर्मल आणि मोलर एकच) होतं, माझ्या हिशोबात आलं ०.१४. १२६ भागिले ९० किती? १.४. चूक अगदी सही केल्यासारखी आकड्यात दिसत होती, पण मला ती दिसायला दुपार झाली, तोपर्यंत बॅच होल्डवर आणि इनचार्ज डोक्यावर. बाटलीवर लेबल होतं, वाचलं नव्हतं. प्रश्नपत्रिकेत हेच लेबल 'डायहायड्रेट', 'पेंटाहायड्रेट' किंवा 'क्रिस्टल' अशा एका शब्दात येतं. त्या शब्दाखाली रेघ मारा.

मोलला यायचे चार रस्ते

ग्रॅम दिले असतील तर मोलर मासने भागा. एसटीपीला, म्हणजे ठरलेल्या तापमान-दाबाला, गॅसचे लिटर दिले असतील तर २२.४ ने भागा. रेणूंची संख्या दिली असेल तर ६.०२२ × १०^२३ ने भागा. सोल्युशन असेल तर मोलॅरिटी गुणिले लिटर. परत जाताना भागाकाराच्या जागी गुणाकार. झालं, एवढंच.

एक करून बघू. ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, एसटीपीला किती लिटर आणि त्यात ऑक्सिजनचे अणू किती? ११ भागिले ४४, ०.२५ मोल. ठाणे आलं. आता लिटर हवेत तर ०.२५ × २२.४ = ५.६. अणू हवेत तर आधी रेणू, ०.२५ × ६.०२२ × १०^२३, म्हणजे सुमारे १.५ × १०^२३, पण विचारलेत ऑक्सिजनचे अणू आणि एका रेणूत ते दोन आहेत, म्हणून ३.०११ × १०^२३. अर्धी मुलं रेणूंवरच थांबतात आणि ऑप्शनमध्ये १.५ वालं उत्तर बसलेलं असतंच. 'ॲटम' म्हटलंय की 'मॉलिक्यूल' हे प्रश्न वाचतानाच गोल करून ठेवा.

मोल म्हणजे नक्की काय यावर मुलं उगाच अडतात. वाशीच्या एपीएमसीत हापूसची पेटी बघितली असेल, आंबा मोठा असला तर पेटीत चार डझन बसतात, बारीक असला तर सहा-सात. मोल म्हणजे पेटी नव्हे, मोल म्हणजे डझन. आंबा असो की लिंबू, डझन म्हटलं की बारा नग, वजन मात्र आंब्याचं वेगळं, लिंबाचं वेगळं. तसंच एक मोल हायड्रोजन गॅस २ ग्रॅम आणि एक मोल ग्लुकोज १८० ग्रॅम, नग दोन्हीत सारखे. तो नगांचा आकडा २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०^२३ असा कायमचा ठरवून टाकलाय, त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तो एक मोल अशी व्याख्या होती. परीक्षेत ६.०२२ पुरे.

आता २२.४ चा घोळ. ० डिग्री सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाब धरला तर एक मोल गॅस २२.४ लिटर होतो. १९८२ मध्ये आययुपॅक या केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एसटीपीचा दाब बदलून १ बार केला, तेव्हा आकडा होतो २२.७. बोर्डाच्या पुस्तकात २२.४ आहे, एनसीईआरटीत १ बारवाला २२.७ भेटतो. सीईटीवाल्यांनी २२.४ धरावा, नीट-जेईईवाल्यांनी प्रश्नात दाब काय दिलाय ते बघावं, नाहीच दिला तर कुठल्या आकड्याने ऑप्शन नीट जुळतो ते बघावं. आणि डीएम क्यूब म्हणजे लिटरच, त्याला घाबरायचं कारण नाही.

पण २२.४ फक्त गॅसला. '१८ एमएल पाण्यात किती मोल' असं आलं की काही जण १८ ला २२४०० ने भागून मोकळे होतात. पाणी लिक्विड आहे बाबांनो, १ एमएल म्हणजे १ ग्रॅम, १८ एमएल म्हणजे १८ ग्रॅम, सरळ एक मोल.

लिमिटिंग रीएजंट, म्हणजे पाव कमी पडले

मिसळीच्या हॉटेलात एका प्लेटला एक वाटी मिसळ आणि दोन पाव. आत १० वाट्या मिसळ आहे आणि पाव राहिलेत १४. किती प्लेट निघतील? ७. पाव आकड्याने जास्त होते तरी तेच आधी संपले आणि ३ वाट्या मिसळ उरली. गल्ल्यावरच्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही, आपल्याला मात्र 'लिमिटिंग रीएजंट' असं नाव दिलं की घाम फुटतो.

पद्धत तीच. दोन्ही पदार्थांचे मोल काढा, प्रत्येकाला बॅलन्स केलेल्या समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागा, ज्याचं उत्तर लहान तो आधी संपणार. पुढचा सगळा हिशोब त्याच्यावरच.

१४ ग्रॅम नायट्रोजन आणि २ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती होईल? समीकरण: १ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया. नायट्रोजन १४ भागिले २८ = ०.५ मोल, त्याला १ ने भागलं ०.५. हायड्रोजन २ भागिले २ = १ मोल, त्याला ३ ने भागलं ०.३३३. हायड्रोजन लहान, तोच संपणार. हायड्रोजनचे मोल जास्त आहेत म्हणून तो उरेल असं वाटतं ना, तेच पाववालं. अमोनिया झाला ०.३३३ × २ = ०.६६७ मोल, गुणिले १७ म्हणजे ११.३३ ग्रॅम. नायट्रोजन वापरला ०.३३३ मोल, उरला ०.१६७, गुणिले २८ म्हणजे ४.६७ ग्रॅम. आता ताळा करा, ११.३३ अधिक ४.६७ किती? बरोब्बर १६. सुरुवातीला १४ आणि २ घातले होते. वजन कुठे हवेत जात नाही, त्यामुळे घरी सराव करताना हा ताळा प्रत्येक वेळी करायचा, परीक्षेत वेळ असेल तरच.

मोल काढताना हायड्रोजनला १ ने भागणं ही नेहमीची चूक. तो जोडीने फिरतो, गॅस म्हणून २. नायट्रोजन २८, ऑक्सिजन ३२, क्लोरीन ७१.

प्युरिटी आणि यील्डचे टक्के कुठे लावायचे यात मुलं हमखास उलटसुलट करतात. माल अशुद्ध असेल तर टक्के आधी, कारण भेसळ रिॲक्शनमध्ये जातच नाही. यील्ड कमी असेल तर टक्के शेवटी, कारण हिशोबाने जेवढं व्हायला हवं होतं त्यातलं तेवढंच हाती आलं. ५० ग्रॅम चुनखडी, ८० टक्के शुद्ध, तापवली, तर शुद्ध माल ४० ग्रॅम, ०.४ मोल, तेवढेच मोल कार्बन डायऑक्साइड, १७.६ ग्रॅम किंवा ८.९६ लिटर. यील्ड ९० टक्के म्हटलं असेल तर १७.६ चे ९० टक्के, १५.८४ ग्रॅम.

एम्पिरिकल फॉर्म्युल्याला, म्हणजे अणूंच्या साध्या गुणोत्तराला, फार वेळ घालवू नका, टक्क्यांना अणुभाराने भागा, सगळ्यात लहान आकड्याने परत भागा, गुणोत्तर आलं. फक्त १.५ आलं की त्याला २ करून गोल करायचं नाही, सगळ्यांना २ ने गुणायचं. लोखंड ७० टक्के, ऑक्सिजन ३० टक्के: ७०/५६ = १.२५, ३०/१६ = १.८७५, गुणोत्तर १ : १.५, म्हणजे २ : ३, फेरिक ऑक्साइड. १.३३ आलं तर ३ ने गुणा.

सोल्युशन, इथे मात्र थांबा

माझा हात इथेच बसलेला आहे म्हणून जरा लांबण लावते, आणि परीक्षेतही बारावीचा सोल्युशनचा धडा सगळा याच पायावर उभा आहे.

मोलॅरिटी म्हणजे एक लिटर सोल्युशनमध्ये किती मोल. मोलॅलिटी म्हणजे एक किलो सॉल्व्हंटमध्ये किती मोल. एका अक्षराचा फरक, पण एकीकडे अख्खं सोल्युशन मोजतोय तेही आकारमानाने, दुसरीकडे नुसतं पाणी मोजतोय तेही वजनाने. तापमान वाढलं की आकारमान फुगतं म्हणून मोलॅरिटी बदलते, वजनाला काही होत नाही म्हणून मोलॅलिटी तशीच. हा एका वाक्याचा प्रश्न थिअरीत येतो.

डेन्सिटी दिली की सगळ्यांचे चेहरे पडतात. एक सवय लावून घ्या, डेन्सिटी दिसली की डोळ्यासमोर एक लिटरची बाटली आणायची. सल्फ्युरिक ९८ टक्के, डेन्सिटी १.८४, मोलॅरिटी काढा. एक लिटरची बाटली, वजन १८४० ग्रॅम. त्यात ९८ टक्के ॲसिड, आणि ॲसिडचं मोलर मासही ९८, म्हणून १८४० × ०.९८ भागिले ९८ = १८.४. शीटवर याचा फॉर्म्युला असतो, १० गुणिले टक्के गुणिले डेन्सिटी भागिले मोलर मास, तो याच बाटलीतून निघालाय, विसरलात तर बाटली आठवा.

उलटं पण येतं. ५ मोलर सल्फ्युरिक, डेन्सिटी १.२९, मोलॅलिटी किती? परत एक लिटरची बाटली, वजन १२९० ग्रॅम, त्यात ॲसिड ५ × ९८ = ४९०, उरलं पाणी ८०० ग्रॅम. ५ भागिले ०.८ = ६.२५. ते ४९० वजा करायला विसरलात की उत्तर ३.८८ येतं, आणि तेही ऑप्शनमध्ये असणार.

पातळ करायचं गणित सोपं, एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू, कारण पाणी घातलं तरी आत पदार्थाचे मोल तेवढेच राहतात. १२ मोलर हायड्रोक्लोरिकपासून ०.६ मोलरचं ५०० एमएल करायचंय, लागेल ०.६ × ५०० भागिले १२ = २५ एमएल. पण 'किती पाणी घालावं लागेल' असं विचारलं असेल तर उत्तर साधारण ४७५. शेवटची ओळ परत वाचा, नेहमी. आणि परीक्षेत नाही पण कॉलेजच्या लॅबमध्ये लक्षात ठेवा, ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, उडतं.

टायट्रेशनला मात्र हाच फॉर्म्युला जसाच्या तसा लावला की वाट लागते. २० एमएल ०.१ मोलर सल्फ्युरिकला ०.१ मोलर कॉस्टिक किती लागेल? एम-वन व्ही-वन म्हणतं २०, खरं उत्तर ४०, कारण सल्फ्युरिकचा एक रेणू दोन कॉस्टिक खातो. म्हणून दोन्ही बाजूंना एन-फॅक्टर लावायचा: २ × ०.१ × २० = १ × ०.१ × किती, ४०. एन-फॅक्टर म्हणजे ॲसिडला देता येणारे हायड्रोजन आयन, बेसला हायड्रॉक्साइड, आणि रेडॉक्स असेल तर किती इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण. परमँगनेट ॲसिडिक मीडियममध्ये ५, ऑक्झॅलिक २. २५ एमएल ०.१ मोलर ऑक्झॅलिकला ०.०५ मोलर परमँगनेट किती: २ × ०.१ × २५ भागिले (५ × ०.०५) = २० एमएल.

एक लॅबवाली युक्ती देते. मोलॅरिटी गुणिले एमएल केलं की मिलिमोल मिळतात, दरवेळी १००० ने भागत बसू नका. २० एमएल ०.१ मोलर म्हणजे २ मिलिमोल, बास. ०.००२ लिहिण्यात जे शून्य खाल्ले जातात ते वाचतात. वरच्या मजल्यावरच्या मुलीला मी हेच करायला लावलं, ५०० एमएल आणि ०.०५ मोल, म्हणजे ५० मिलिमोल भागिले ५०० एमएल, ०.१. डेसिमलला हात लावायची वेळच कमी आली.

बारावीचे धडे, तेच स्टेशन

ग्लुकोज १८ ग्रॅम, पाणी ५०० ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल भागिले अर्धा किलो, ०.२ मोलल. पाण्याचा केबी, म्हणजे एक मोललला उत्कलनबिंदू किती चढतो तो आकडा, ०.५२, उत्कलनबिंदू वाढेल ०.१०४ ने. केएफ, तसाच गोठणबिंदूचा आकडा, १.८६, गोठणबिंदू उतरेल ०.३७२ ने. ग्लुकोजच्या जागी तेवढेच मोल मीठ असेल तर ते फुटून दोन आयन होतात, उत्तर दुप्पट धरा.

ऑस्मॉटिक प्रेशर बरोबर मोलॅरिटी गुणिले आर (गॅस स्थिरांक) गुणिले तापमान, आणि तापमान केल्व्हिनमध्ये, २७ डिग्री म्हणजे ३००. लिटर आणि ॲटमॉस्फिअर असतील तर आर ०.०८२१, ज्यूल असतील तर ८.३१४. ३०० केल्व्हिनला ०.०८२१ × ३०० = २४.६ हा गुणाकार पाठच करून टाका, इतक्या वेळा येतो. ०.१ मोलर ग्लुकोज, २.४६ ॲटमॉस्फिअर, तीन सेकंदात.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत कूलंब आले तरी पळायचं नाही, ९६५०० ने भागलं की इलेक्ट्रॉनचे मोल. २ अँपिअर करंट ९६५ सेकंद सोडला, १९३० कूलंब, ०.०२ मोल इलेक्ट्रॉन, तांब्याच्या एका आयनला दोन लागतात म्हणून ०.०१ मोल तांबं, ०.६३५ ग्रॅम. मिनिटं दिली असतील तर सेकंद करा, ही चूक एवढी फालतू आहे की सांगायला लाज वाटते पण दरवर्षी बघते.

पीएच म्हणजे हायड्रोजन आयनच्या मोलॅरिटीचा उणे लॉग, त्याला लॉगचे चार आकडे लागतात: २ चा ०.३०१०, ३ चा ०.४७७१, ५ चा ०.६९९०, ७ चा ०.८४५१. बाकी यातूनच बनतात, ६ म्हणजे २ आणि ३ ची बेरीज. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक, २ × १०^-३, पीएच = ३ − ०.३०१ = २.६९९. सल्फ्युरिक ०.००५ मोलर असेल तर हायड्रोजन आयन दुप्पट, ०.०१, पीएच २.

सराव कसा

ठाणे ते वाशी अर्ध्या तासाचा प्रवास आहे, बसायला मिळो न मिळो, त्या वेळात वही न काढता फक्त मोल काढायचे: ८ ग्रॅम कॉस्टिक? ०.२. ११.२ लिटर ऑक्सिजन? ०.५. ९ ग्रॅम ग्लुकोज? ०.०५. हे तोंडी जमेपर्यंत मोठ्या गणितांना हात लावू नका असं माझं मत आहे, क्लासवाल्यांना पटत नाही, नको पटू दे. घरी आल्यावर दिवसाला दहा गणितं, पण प्रत्येक ओळीत आकड्यापुढे एकक लिहून, ग्रॅम, मोल, लिटर, जे असेल ते. परीक्षेत एकक नाही लिहिलं तरी चालतं कारण तोवर डोक्यात बसलेलं असतं.

चुकांची वेगळी वही करा, त्यात अख्खं गणित उतरवायचं नाही, फक्त कुठे घसरलात ते एका ओळीत. 'डायहायड्रेट वाचलं नाही.' 'रेणू विचारले, अणू काढले.' महिन्याने बघाल तर तीच चार-पाच वाक्यं पुन्हापुन्हा आलेली असतील, आणि पेपरच्या आदल्या रात्री तेवढंच एक पान वाचायचं. परीक्षेत सीईटीवाल्यांनी केमिस्ट्री आधी उरकावी, ३५ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये, फिजिक्सला वेळ लागतो. एका गणिताला दीड मिनिट झालं की सोडून पुढे, निगेटिव्ह नाही म्हणून शेवटी काहीतरी टिक करायचंच. नीटवाल्यांनी हे करू नये.

आता ही पाच करा, पेन घेऊन. १) एसटीपीला ५.६ लिटर अमोनियात हायड्रोजनचे अणू किती? २) १०.६ ग्रॅम सोडियम कार्बोनेटवर भरपूर हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं, एसटीपीला गॅस किती लिटर? ३) ५.४ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि १४.६ ग्रॅम हायड्रोक्लोरिक ॲसिड, २ ॲल्युमिनियमला ६ ॲसिड लागतात आणि ३ हायड्रोजन सुटतात, तर हायड्रोजन किती लिटर आणि काय उरलं? ४) १२.६ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड क्रिस्टल, ५०० एमएल सोल्युशन, मोलॅरिटी? ५) १०० एमएल ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आणि १०० एमएल ०.०५ मोलर कॉस्टिक एकत्र केलं, पीएच?

उत्तरं: पहिल्याचं ४.५२ × १०^२३. दुसऱ्याचं २.२४ लिटर. तिसऱ्यात ॲसिड आधी संपतं, हायड्रोजन ४.४८ लिटर, ॲल्युमिनियम १.८ ग्रॅम उरतं. चौथ्याचं ०.२ मोलर, आणि ०.२८ आलं असेल तर तुम्हीही बाटलीवरचं लेबल वाचलेलं नाही. पाचव्यात १० मिलिमोल वजा ५ मिलिमोल, उरले ५, पण आता सोल्युशन २०० एमएल आहे, १०० नाही, म्हणून ०.०२५ मोलर आणि पीएच १.६०२. वरच्या मजल्यावरच्या मुलीने पाचवं १.३०१ काढलंय, संध्याकाळी येणार आहे भांडायला.